चार नंबरचा जाड दाता

माझ्या दुकानात एक नाणं आहे, ते मला विकता येत नाही. विकायची इच्छा नाही असं समजू नका. नाण्यांच्या दुकानदाराला असलं वैराग्य परवडत नाही. त्या नाण्याच्या खरेपणाची चिठ्ठी माझ्याकडे नाही, एवढंच. आणि ज्या बाईंनी ती लिहिली त्या एका नाण्याची दुसरी चिठ्ठी लिहून देत नाहीत, मी जावई असलो तरी.

होय, त्या माझ्या सासूबाई. टांकसाळीच्या तपासणीघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली. लांबलचक खोली, उत्तरेकडे खिडक्या, ओळीने मांडलेली टेबलं, आणि प्रत्येक टेबलाला एकेक छापयंत्र जोडून दिलेलं. यंत्रातून निघालेली नाणी पट्ट्यावरून सरकत यायची, टेबलावरच्या बाईने ती बघायची आणि बिघडलेलं नाणं उचलून डब्यात टाकायचं. डब्यातला माल संध्याकाळी भट्टीत. बायका एकमेकींना नावाने हाक मारत नसत, टेबलाच्या नंबराने मारत. सासूबाई चार नंबर. त्यांना भेटायला जुन्या मैत्रिणी आल्या की आमच्या दारात 'चार आहे का घरात?' असा प्रश्न येतो, आणि नवीन शेजाऱ्यांना वाटतं आम्ही काही भलतेच धंदे करतो.

निवृत्तीनंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या. तेव्हा माझ्या मित्रांनी माझं सांत्वन केलं होतं. सहा महिन्यांत तेच मित्र खिशात नाणी घेऊन आमच्या बाहेरच्या खोलीत ताटकळत बसायला लागले.

त्याचं कारण नाण्याची कड. नाणं हातात आलं की लोक त्यावरचं चित्र बघतात, आकडा बघतात. कडेकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण आमच्या धंद्यात कडेत बिघाड झालेलं नाणं चांगला भाव खातं, आणि जे भाव खातं त्याची नक्कल करणारे हात लगेच शिवशिवतात. सासूबाई सांगतात ते असं: कोरी चकती यंत्रात जाते, वरून खालून ठसे बसतात, आणि त्याच क्षणी चकतीभोवती एक पोलादी कडं असतं. त्याला तपासणीघरात बांगडी म्हणत. धातू दाबाने पसरतो, बांगडीत अडतो, आणि बांगडीच्या आतल्या खाचांमुळे कडेवर दाते उमटतात. बांगडी चढलीच नाही तर नाणं पसरट होतं आणि कड सपाट राहते. अर्ध्यावर अडकली तर कडेला पायरी पडते, खाली दाते आणि वर सपाट. या झाल्या खऱ्या चुका. बाकीच्या चुका लोक घरी बसून करतात.

त्यांची परीक्षा बघण्यासारखी असते. खिडकीशी टेबल, टेबलावर काचेचा तुकडा, छोटा काटा, मोजपट्टी, भिंग. नाणं घेतात, डोळे मिटतात, अंगठा आणि तर्जनीत धरून कड एकदा पूर्ण फिरवतात. मग काचेवर घरंगळत सोडतात आणि ऐकतात. मग वजन, मग व्यास. भिंग सगळ्यात शेवटी. मी एकदा विचारलं की सगळे जण भिंगापासून सुरुवात करतात, तुम्हीच का उलट्या? तर म्हणाल्या, आधी भिंग लावलं की डोळा त्याला हवं तेच शोधतो. मी स्वतः बावीस वर्षं हवं तेच शोधत आलो होतो.

एकदा एक गृहस्थ दाते नसलेलं नाणं घेऊन आले. कड आरशासारखी गुळगुळीत. घरात आनंदीआनंद, पोराच्या शिक्षणाचा प्रश्न सुटला वगैरे. सासूबाईंनी वजन केलं, ते कमी भरलं. व्यास मोजला, तोही कमी. बांगडीशिवाय छापलेलं नाणं पसरतं, आकसत नाही. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: 'टांकसाळीची चूक नाही. कानशीची मेहनत आहे.' दुसरे एक जण कडेवरची अक्षरं उलटी आलेलं नाणं घेऊन आले आणि ते जगात एकमेव आहे असं सांगू लागले. सासूबाईंनी स्वतःच्या पाकिटातली चिल्लर त्यांच्यासमोर ओतली आणि म्हणाल्या, मोजा. निम्म्या नाण्यांची अक्षरं उलटीच होती. कडेवर अक्षरं उमटवणाऱ्या यंत्रात नाणी कशीही पडतात, त्याला चित्र वर की खाली याची फिकीर नसते. सद्गृहस्थ चहा न घेता गेले.

पण माझा आदर ज्या दिवशी खरा वाढला, त्या दिवशी त्यांनी चिठ्ठीवर 'माहीत नाही' असं लिहिलं होतं. गिऱ्हाईक मोठं होतं, नाणं जुनं होतं, आणि मी मागे उभा राहून डोळ्यांनी खाणाखुणा करत होतो. त्यांनी माझ्याकडे बघून शांतपणे म्हटलं, "जावईबापू, तुमच्या डोळ्यात काही गेलंय का?" त्या मला कायम अहो-जाहोच करतात, आणि माझी जेवढी म्हणून शोभा झाली आहे ती सगळी अहो-जाहोतच झाली आहे. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. पण त्यानंतर सासूबाईंच्या चिठ्ठीला बाजारात वजन आलं. जी बाई 'माहीत नाही' लिहू शकते तिने 'खरी चूक' लिहिलं की लोक डोळे झाकून घेतात.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे काही बिघडलं, सांडलं, राहून गेलं की 'तीन नंबर झालं' असं म्हणतात. दूध उतू गेलं, तीन नंबर झालं. मी दुकानाची किल्ली दुकानातच विसरून शटर ओढलं, तीन नंबर झालं. बायकोने हे माहेराहून आणलं होतं आणि मी उचललं. कित्येक वर्षं मला वाटायचं ही टांकसाळीतली काही प्रतवारी असेल, एक नंबर चांगला, तीन नंबर टाकाऊ. माणसाचं नाव असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

तर ते नाणं. एका निवृत्त बस कंडक्टरने मला चिल्लरचा डबा विकला. आयुष्यभर जे वेगळं दिसलं ते त्यांनी बाजूला ठेवलं होतं, बहुतेक सगळं नुसतंच झिजलेलं. तळाशी हे निघालं. कडेला स्वच्छ पायरी, खालच्या अर्ध्यावर दाते, वरचा अर्धा सपाट आणि किंचित बाहेर फाकलेला. माझ्या ओळखीचे एक दातांचे डॉक्टर फक्त कडेच्या चुकांची नाणी जमवतात. दिवसभर दात बघून पोट भरत नसावं. त्यांना फोन केला, तर सासूबाईंची चिठ्ठी असेल तर सहा महिन्यांचं दुकानभाडं निघेल एवढा आकडा त्यांनी सांगितला. मी दुपारीच दुकान बंद करून घरी आलो.

सासूबाईंनी डोळे मिटले, कड फिरवली आणि त्यांचा चेहरा खुलला. काचेवर सोडलं, ऐकलं. वजन बरोबर. व्यास वरच्या बाजूला केसभर जास्त, हवा तसाच. "खरी चूक आहे," त्या म्हणाल्या. मी मनात भाडं भरूनही टाकलं. मग त्यांनी भिंग उचललं.

भिंग एका जागी थांबलं. त्यांनी ते खाली ठेवलं, पदराने पुसलं, परत लावलं. नाण्यावरचं साल वाचलं. मला वाचायला लावलं. मग मला चहा टाकायला सांगितलं. ज्या बाईंनी मला स्वयंपाकघरात आजवर पाय ठेवू दिला नव्हता, त्यांनी चहा टाकायला सांगितला, तेव्हा मनात भरलेलं भाडं मी परत काढून घेतलं.

चहा घेऊन आलो तर त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हे नाणं माझ्या टेबलावरून गेलंय."

भिंग माझ्या हातात देऊन त्यांनी दाखवलं. दात्यांच्या ओळीत एका जागी दोन दाते जुळून एक जाड दाता झाला होता. त्या साली चार नंबरच्या यंत्राची बांगडी आत एका जागी टवका उडून खराब झाली होती. यंत्रावरच्या मिस्त्रीने त्यांना सांगितलंही होतं. जाड दाता चालण्याजोगा होता, त्यामुळे यंत्र न थांबवता चार दिवस तसंच काम झालं आणि मग बांगडी बदलली. म्हणजे हा जाड दाता असलेलं नाणं जगात कुठेही सापडलं तरी ते त्याच चार दिवसांतलं, त्याच यंत्राचं आणि त्यांच्याच टेबलावरचं.

मी समजूत घातली की एकतीस वर्षांत एक नाणं सुटलं तर काय आभाळ कोसळलं? त्यांनी मान हलवली आणि तीन नंबरची गोष्ट सांगितली.

बांगडी बदलली त्याच महिन्यात एका बँकेने नाण्यांची एक पिशवी परत पाठवली. शेकडो नाण्यांच्या कडा अर्धवट. पिशवीवरची टेबल नंबराची पट्टी फाटून गेली होती. पिशवी भरली त्या आठवड्यात हे नाणं दोनच यंत्रांवर निघत होतं, तीन आणि चार. साहेबांनी दोघींना बोलावलं. सासूबाई म्हणाल्या, माझ्या हातून सुटणार नाही. खोटं बोलत नव्हत्या, त्यांना तसंच वाटत होतं. साहेबांनी नोंदवही उघडली. चारच्या रकान्यात एकही डाग नव्हता, तीनच्या रकान्यात दोन जुन्या चुका होत्या. निकाल लागला. तीन नंबरला तपासणीतून काढून पिशव्या शिवायच्या खोलीत पाठवलं, आणि निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं तिने तिथे सुईदोरा ओढला. दोघी शेजारी बसून डबा खाणाऱ्या मैत्रिणी होत्या. त्या दिवसापासून तीन नंबर जेवणघराच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागली. सासूबाईंना वाटलं, तिला लाज वाटत असेल. त्यांनी घरी येऊन मुलीला सांगितलं, काम करताना लक्ष नसलं की तीन नंबरसारखं होतं.

"बांगडी एका नाण्यापुरती अडकत नाही," त्या म्हणाल्या. "अडकली की शेकड्याने अशीच निघतात. ती पिशवी माझी होती."

आता मी काही साधुसंत नाही. मी म्हटलं, आई, चिठ्ठीवर 'खरी चूक' एवढंच लिहा. टेबल कुठलं हे कुणी विचारत नाही, आणि जाड दाता ओळखणारं तुमच्याशिवाय कोण उरलंय? डॉक्टर खूश, मी खूश, आणि तुम्ही एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. एखाद्या नाण्याकडे बघावं तसं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "अजून एक जण ओळखणारं आहे. रिक्षा बोलवा."

तीन नंबर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होत्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाई प्रत्येक मजल्यावर थांबल्या, दम लागला म्हणून की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही. दार तीन नंबरच्या मुलीने उघडलं. आत एक बारीकशा बाई खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर साय धरल्यासारखी झाली होती. सासूबाई दारातच म्हणाल्या, मी चार. शेंगा सोलायच्या थांबल्या.

कुणी बसा म्हटलं नाही. सासूबाईंनी जाऊन नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. तीन नंबरनी ते बोटांत धरलं, आणि मी बघत राहिलो, कारण फिरवायची तऱ्हा तीच होती. तोच अंगठा, तीच तर्जनी, तेवढाच वेग. पायरीशी बोट आलं तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी नख लावलं आणि एकेक दाता मोजल्यासारखं पुढे नेलं. एका जागी नख थांबलं.

"जाड दाता," तीन नंबर म्हणाल्या. "चारचा."

"हो. माझाच."

 मग तीन नंबर सांगू लागल्या, आवाज न चढवता, जणू कालचीच गोष्ट. त्या दिवशी साहेबांसमोरून सासूबाई बाहेर गेल्यावर त्यांनी साहेबांना म्हटलं होतं की चारच्या नाण्यात एक दाता जाड येतोय, पिशवी उघडून नुसतं बघा. साहेबांनी कागदावरून मान वर केली नव्हती. पिशवी सकाळीच भट्टीत गेली, म्हणाले. नियमच होता तसा.

सासूबाईंना हे आज पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी भिंतीला हात टेकला. तीन नंबरच्या मुलीने स्टूल सरकवलं, पण त्या बसल्या नाहीत.

"साहेबांचं मला काही वाटलं नाही ग," तीन नंबर म्हणाल्या. "तू विचारायला हवं होतंस. एकदा येऊन, तीन, काय झालं, एवढंच. अकरा वर्षं एका खोलीत जेवलो आपण."

"हवं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मला माझी इतकी खात्री होती, की विचारायचं सुचलंच नाही."

मग त्यांनी पिशवीतून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं आणि उभ्यानेच, भिंतीवर धरून लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. तीन नंबर मध्येच म्हणाल्या, "तेव्हा तुझी पोर आजारी होती ना? ताप उतरत नव्हता. तू डुलक्या घेत होतीस, मी दोनदा हलवून जागं केलं होतं तुला." ती पोर म्हणजे माझी बायको. ज्या बाईवर अन्याय झाला, तीच अन्याय करणारीला सबब पुरवत होती. 

"ते चिठ्ठीत येत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि सही केली.

चिठ्ठी तीन नंबरच्या मुलीने वाचून दाखवली. 'नाणं खरं. बांगडी अर्ध्यावर अडकली. यंत्र चार, टेबल चार. अशी पिशवीभर नाणी सुटली. तपासणारी मी होते. तीन नंबरचा दोष नव्हता.' मुलगी शेवटच्या ओळीशी अडखळली, मग तिने ती परत वाचली, कुणी न सांगता. तीन नंबरनी चिठ्ठी मागून घेतली, चार घड्या केल्या आणि ब्लाउजमध्ये ठेवली. नाणं माझ्याकडे परत केलं. हे तुमच्या धंद्याचं, म्हणाल्या.

सासूबाई तरी जागच्या हलेनात. म्हणाल्या, अजून एक आहे. आमच्या घरात काही बिघडलं की आम्ही एक शब्द वापरतो. पुढे त्यांना बोलवेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंना माझी मदत लागली ती नेमकी इथे. मी सांगितलं. 'तीन नंबर झालं' म्हणतात. मीही म्हणतो. मला माहीत नव्हतं.

तीन नंबरनी शेंगांचं ताट पुढे ओढलं. मग म्हणाल्या की चहा घेऊन जा, तीन जिने चढून आलात. आम्ही चहा घेतला. सासूबाई शेवटी स्टुलावर बसल्या आणि शेंगा सोलू लागल्या. एका ताटात दोघींचे हात एका वेगाने चालत होते. मी तिथून उठून गॅलरीत गेलो.

डॉक्टरांना मी चिठ्ठी का नाही याचं खरं कारण सांगितलं. त्यांनी चिठ्ठीशिवाय निम्मा भाव देऊ केला, मी नको म्हटलं. सासूबाईंना दुसरी चिठ्ठी मागून बघितली. 'एका नाण्याची एकच,' हे उत्तर मला पाठ आहे, तरी मागितली. आता त्या दर बुधवारी तिकडे जातात आणि रिक्षाचं भाडं मी देतो. ते नाणं मला असं महागात पडलेलं आहे.

पण खरं सांगायचं ते त्या भेटीच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळची घाई, बायको फोनवर, आणि गॅसवर दूध. व्हायचं तेच झालं. दूध ओट्यावरून खाली ओघळलं, बायको धावली, बर्नर बंद केला आणि सवयीने म्हणाली, "झालं, तीन—"

आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. फडकं घेऊन खाली बसल्या आणि दूध पुसू लागल्या. एकतीस वर्षांच्या कोऱ्या रकान्याच्या धनीण त्या. पुसता पुसता, वर न बघता म्हणाल्या, "चार नंबर झालं, म्हण."

बायकोने फोन बंद केला. आईने पुन्हा सांगितलं. तेव्हा तिने ते म्हटलं, अगदी हळू, आणि आईशेजारी फरशीवर बसून दुसरं फडकं घेतलं.